आत्याच्या मापाच्या वह्या

आमच्या आत्याला घरात सगळे टाचणी म्हणतात. एक तर तिच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या असतात, आणि त्या काढून ठेवल्या तरी तिचं बोलणं टोचतंच. जिन्याखाली तिचं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशिनी, एक उभा आरसा, एक पडदा आणि एक स्टूल मावेल एवढीच जागा. चव्वेचाळीस वर्षं ती तिथे बसते, त्यातली शेवटची एकवीस वर्षं दुसऱ्या मशिनीवर मी. मी तिची भाची. मीही तोंडाने गरीब नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. खाण तशी माती.

आत्याने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की सांगते, माप बसलं नाही. विचारणारा पुढचं विचारेपर्यंत हिने त्याच्या बाहीत दोन टाचण्या टोचून त्याला आरशाकडे फिरवलेलं असतं.

आमच्या घरातले पुरुष फरशी बसवणारे. आजोबा, थोरले काका, माझे वडील, थोरल्या काकांचा मुलगा आणि आता माझा धाकटा भाऊ. दिवसभर गुडघ्यांवर, कमरेत वाकून. त्यामुळे आमच्याकडे कुणाची पाठ धरली की कुणाला काही विशेष वाटायचं नाही. आजोबा पाठीने गेले. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीने गेले. लोक भेटायला आले की म्हणायचे, फरशीने खाल्लं बिचाऱ्याला, आणि आम्हीही माना हलवायचो. मधले काका मात्र घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मात त्यांनी फरशी उचलली नाही. तेही सत्तावन्नाव्या वर्षी पाठीनेच गेले, तेव्हा आमच्या लोकांनी काय म्हणावं? त्याची बसून बसून गेली. वाकला तरी पाठ, बसला तरी पाठ! इतकी माणसं आम्ही, सगळी स्वतःला शहाणी समजणारी, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

उजेड पडला तो लेव्हलदादा गेल्यावर. हा थोरल्या काकांचा एकुलता एक मुलगा. फरशी इतकी काटेकोर बसवायचा की त्याचं नावच लेव्हल पडलं. पन्नाशीत त्याचीही पाठ दुखायला लागली. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, कुणाचं न ऐकता त्याला सरळ मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे कळलं की पाठ हे नुसतं निमित्त आहे. आजार खाली, प्रोस्टेट ग्रंथीत सुरू झाला होता आणि आता मणक्यांत पोहोचला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर. वर्षभरात तो गेला, एक्कावन्नाव्या वर्षी. फार गुणी माणूस होता. आम्ही सगळेच खचलो, आणि थोरले काका तर बोलेनासेच झाले.

दोन वर्षांनी त्या हॉस्पिटलातून वहिनीला पत्र आलं. इतक्या कमी वयात हा आजार झालेल्यांच्या घराण्यांचा अभ्यास चालू आहे, आजार रक्तातून उतरतो का ते शोधायचं आहे, कुटुंब मदत करील का? तसंच पत्र थोरल्या काकांनाही आलं होतं. त्यांनी ते न वाचताच फाडलं. वहिनी आपलं पत्र घेऊन दुकानात आली, कारण आमच्याकडे कुठल्याही अडचणीची पहिली पायरी म्हणजे आत्याचं स्टूल.

आठवड्याभरात त्या अभ्यासातली डॉक्टरीण दुकानात हजर. तिशीची असेल, बारीकशी, पाठीवर पोतडी. तिने कापायच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि आमच्या घराण्याचं झाड काढायला घेतलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. आत्याने तिथल्या तिथे तिचं नाव झाडवाली ठेवलं, आणि आपला गोल जरा मोठा काढायला सांगितलं.

झाडवाली एकेका चौकोनावर बोट ठेवायची, हे कशाने गेले? आत्या म्हणायची, पाठ. हे? पाठ. आणि हे? हेही पाठ. झाडवालीने पेन्सिल खाली ठेवली. पाठ दुखायच्या आधी यांना लघवीचा काही त्रास होता का, आणि साधारण कितव्या वर्षी सुरू झाला, असं तिने विचारलं. मी हसले. आमचे पुरुष! जखम झाली तर रक्त पुसून हात खिशात घालणारी ही जात. असल्या गोष्टी ते बायकोलासुद्धा सांगणार नाहीत, मग बहिणीला आणि मुलीला कुठून सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी झाडवालीला तसं सांगितलंसुद्धा, की बाई, हे तुम्हाला या जन्मी कळायचं नाही.

आत्याने मात्र ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरून मापाच्या वह्या खाली काढायला लागली. चव्वेचाळीस वर्षांच्या वह्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाची प्रत्येक पँट तिने शिवलेली. कंबर किती, लांबी किती, तारीख कोणती, आणि खाली शिवणाऱ्याच्या आठवणीसाठी एक ओळ.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पुरुष साठीला आला की पुष्कळदा पट्टा-बटण सोडतो आणि कमरेला इलॅस्टिक लावून मागतो. मोकळेपणा बरा वाटतो, असं म्हणतो. खरं कारण असं की त्याला घाई होते आणि बटणाशी झटापट करायला वेळ नसतो. आम्ही दोघी तिला घाईची पँट म्हणतो. तोंडाने कधी न सांगितलेली गोष्ट ही माणसं शिंपिणीला न सांगता सांगून जात होती.

आत्याने वही उघडून, तारखेवरून वयं काढत वाचलं. माझे वडील, वय बावन्न, बटण नको, इलॅस्टिक. मधले काका, पन्नास, इलॅस्टिक. आजोबा, एकसष्ट, इलॅस्टिक. आणि पुढच्या प्रत्येक पानावर कंबर उतरत गेलेली, छत्तीस, चौतीस, बत्तीस. मग तिने अलीकडची वही काढली. लेव्हलदादा, वय अठ्ठेचाळीस. ती ओळही इलॅस्टिकची. त्या दिवशी तिने त्याला चिडवलं होतं की लेव्हल, एवढ्यात म्हातारा झालास का रे? तो लाजून हसला होता. मला तो दिवस आठवत होता, कारण मीही हसले होते. आत्या म्हणाली, माझ्या हातात होतं सगळं आणि मी मेली दात काढत बसले. मग ती पडद्यामागे गेली आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन आली.

झाडवाली चांगली मुलगी. तिने आधी स्पष्ट सांगितलं की इलॅस्टिक हा काही पुरावा नव्हे. वय झालं की पुष्कळांची ती ग्रंथी नुसतीच वाढते, कॅन्सर नसतो, आणि कॅन्सर असून काहीच त्रास नाही असंही होतं. पण या तारखांमुळे कुठल्या वर्षांचे कागद शोधायचे ते तरी कळलं. महिन्याभरात तिने दोन जुन्या हॉस्पिटलांच्या तळघरातून माझ्या वडिलांचा आणि मधल्या काकांचा कागद काढला. दोन्हींवर तेच लिहिलेलं. म्हणजे आम्ही काखेत कळसा घेऊन एवढी वर्षं फरशीला शिव्या घालत होतो.

पुढचं काम तिने अगदी सोपं करून सांगितलं. आपल्या शरीरात सूचनांची एक मोठी पोथी असते, निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. तिच्यातल्या एखाद्या जनुकात, म्हणजे एखाद्या ओळीत, चूक असली तर ती मुलांमध्ये उतरू शकते. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मात्र ही चूक कुठल्या ओळीत आहे ते आधी आजारी माणसाच्या रक्तात शोधावं लागतं. ते एकदा सापडलं की बाकीच्यांना नेमकी तीच ओळ तपासता येते. नाहीतर धडधाकट माणसाचं रक्त तपासून काही सापडलं नाही, तर तो सुटला की आम्हीच चुकीच्या पानावर पाहिलं, ते कळत नाही.

आणि सगळ्यांचा जीव अडकला होता तो माझ्या धाकट्या भावात. पंचेचाळीस वर्षांचा, दोन लहान मुली. मी त्याला म्हटलं होतं, तू तरी साधी तपासणी करून ये. तो म्हणाला, मला काय धाड भरलीय? सिद्ध करा, मग येतो. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच, की याची पन्नाशी पाच वर्षांवर आली.

घरात हा आजार असलेला एकच माणूस जिवंत होता, थोरले काका. वय शहात्तर. दर तीन महिन्यांनी ते एक इंजेक्शन घ्यायचे आणि पाठीचं म्हणून सांगायचे. ते कशाचं ते वहिनीला ठाऊक होतं, कारण दादा गेल्यापासून औषधं तीच आणून द्यायची. तिने आत्याच्या कानावर घातलं. आत्याने निरोप पाठवला, रक्त द्यायला ये. काकांचा निरोप आला, नाही. मग आत्या स्वतः गेली, तर ते अंघोळीला जाऊन बसले आणि दीड तास बाहेरच आले नाहीत. मी गेले, तर मला शेजाऱ्यांच्या नळाची सगळी कहाणी सांगून वाटेला लावलं. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. एवढीशी सुई टोचायची, आणि हा माणूस आमच्या पोरांच्या आयुष्यावर फतकल मारून बसलाय, असं मी येताना रस्त्यावर मोठ्याने म्हटलं. लोक बघायला लागले तेव्हा गप्प झाले.

तीन आठवडे गेले आणि काका आपल्या पायांनी दुकानात आले. रक्तासाठी नव्हे. त्यांच्या पँटी कमरेवर राहीनात, आणि आत्याच्या हातची सोडून दुसरी पँट त्यांनी कधी घातलेली नाही. रागावलेला माणूस जसा येतो तसे आले, कुणाकडे न बघता सरळ आरशासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात बाजूला केले. आत्याने शांतपणे टेप गळ्यातून काढला, त्यांच्या कमरेभोवती फिरवला, आणि दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली. मी वही-पेन्सिल घेऊन आकड्याची वाट बघत होते. आकडा येईना.

आत्या म्हणाली, "दादा, आता बोल. रक्त का देत नाहीस?"

काका म्हणाले सोड, आत्या म्हणाली सोडते, आधी सांग. ते एक पाऊल मागे सरले तर हीही सरली. शहात्तर वर्षांचा भाऊ आणि सहासष्ट वर्षांची बहीण, कमरेला टेप, आरशासमोर गोल फिरताहेत! तेवढ्यात एक बाई ब्लाउज घ्यायला आली ती दारातूनच परत गेली. मला हसू आवरेना. मग काका थांबले, आणि आरशातल्या स्वतःकडे बघून बोलायला लागले.

"त्यांना ते माझ्या रक्तात सापडलं, तर पोराला मीच दिलं असं ठरेल ना?"

"तुला बाबांनी दिलं, त्यांना कुणी दिलं देव जाणे. कुणी कुणाला डबा भरून दिलेलं नाही, दादा."

"तेवढंच नाही ग. मला त्याच्या तीन वर्षं आधी कळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मुलाला तपासून घ्यायला सांगा. मी घरी आलो आणि सांगितलं, पाठ आहे."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तीन आठवडे मी या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते, आणि तो हे उराशी धरून एकटा बसला होता. लाज वाटली मला. आत्याने टेप सोडला. तिने त्यांच्या शर्टाची शिवण सरळ केली. मग म्हणाली, कंबर एकतीस, लिही. मी लिहिलं. आणि भावाला म्हणाली, परवा नऊ वाजता मी दारात येईन, खाऊन तयार राहा, उपाशी यायचं नाही. काका हो म्हणाले.

रक्त दिलं त्या दिवशी त्यांनी तिथल्या नर्सला सांगितलं की या खोलीची फरशी कुणी बसवली त्याला माझ्याकडे पाठवा, चार गोष्टी शिकवतो. तेव्हा मला हायसं वाटलं. आमचा म्हातारा परत आला होता.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. चूक सापडली, आणि कुठल्या ओळीत आहे तेही कळलं. झाडवालीने सांगितलं की ती बायकांनाही मिळते, त्यांना इतर काही कॅन्सरांचा धोका वाढतो आणि त्यांच्याकडून मुलांत जाते. म्हणून आम्ही दोघींनीही रक्त दिलं. मी सुटले. आत्याला निघाली. झाडवाली बिचारी हळू आवाजात समजावत होती, दर वर्षी तपासण्या करायच्या, आणखी काय काय करता येतं. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं, तारखा लिहून घेतल्या, आणि म्हणाली, बापाच्या इस्टेटीतला चमचा मला मिळाला नाही, आणि हा वाटा बरा बरोबर दिला! झाडवाली हसावं की नाही या पेचात. मीच आधी हसले, मग तिघी हसलो.

आता भावाला सांगायचं होतं. आमच्याकडे पन्नास वर्षं सगळे निरोप आत्यानेच पोचवलेत, लग्नांचे, भांडणांचे, मरणांचे. काका धरून चालले होते की हाही तीच पोचवील. ती म्हणाली, हा माझा नाही, हा तू सांगायचास. आणि मशीन चालू केली, म्हणजे पुढचं बोलणं ऐकू येऊ नये.

भाऊ त्या दिवशी एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काम करत होता. लिफ्ट अजून लागायची होती. काका कठड्याला धरून, दर वळणावर थांबत, तीन मजले चढले. भाऊ सांगतो की म्हातारा दारात उभा राहून इतका धापा टाकत होता, मला वाटलं घरात कुणी गेलं. काकांनी भावाने नुकतीच बसवलेली ओली फरशी बघितली, जिथे पाय ठेवायचा नाही तिथे ठेवला नाही, आणि सिमेंटच्या पोत्यावर बसून सांगितलं. मला काय झालंय, तुझ्या बापाला काय झालं होतं, ते पाठ नव्हतं, आणि तू उद्या तपासायला जायचं. माझ्या लेकाला मी सांगितलं नाही, हेही सांगितलं. भाऊ म्हणतो, मी एरवी दहा फाटे फोडले असते. पण तो तीन मजले चढून आला होता, आणि नाही म्हणायला मला तोंडच उरलं नाही.

भावालाही ती चूक मिळाली होती. आणि पुढच्या तपासण्यांत गाठही सापडली, अगदी छोटी, ग्रंथीच्या आतच, कुठे पसरलेली नाही. सर्जन म्हणाले, वेळेवर आलात, काढून टाकू. घरी येऊन मी पोटभर रडले, आणि मग भावाला फोन करून दहा मिनिटं शिव्या दिल्या, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर आम्ही रांगेने बसलो होतो, भावजय, मी, वहिनी, आत्या आणि टोकाला काका. पाच तास लागले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, छान झालं, सगळं निघालं. तासाभराने भावाला स्ट्रेचरवरून नेताना त्याने अर्धवट डोळे उघडले आणि बायकोला म्हणाला, आतला उतार चुकलाय, पाणी दाराकडे येणार. भूल उतरली नव्हती अजून, पण धंदा जागा झाला होता! आम्ही हसून हसून लोळायच्या बेतात. काकाही हसले, डोळे पुसत हसले. भावजय स्ट्रेचरमागून गेली, वहिनी चहा आणायला गेली.

काका पुन्हा बाकावर बसले. हसू ओसरल्यावर त्यांनी आत्याकडे न बघता विचारलं, "टाचणी, त्याला तेव्हाच सांगितलं असतं, तर तोही असा बाहेर आला असता का ग?"

मी मनात म्हटलं, आत्या, खोटं बोल. एकदाच बोल. कुणाला कळतंय?

आत्या त्यांच्या शेजारी सरकली. "आला असता, दादा," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. मग त्यांनी तिचा हात घेतला आणि दोन्ही हातांत धरला, आणि वहिनी चहा घेऊन येईपर्यंत ती दोघं तशीच बसून राहिली.